दोनदा भरलेल्या ओळी

ऑफिसात त्यांना सगळे ‘मिलिमीटर’ म्हणायचे आणि त्यांना ते मनातून आवडायचं. नकाशे काढण्याच्या खात्यात त्यांचा जन्म गेला. दुसऱ्याने मारलेल्या रेघेवर पट्टी ठेवून “ही जरा आत गेलीय” असं म्हणताना त्यांना जो आनंद व्हायचा, तो पगाराच्या दिवशीही होत नसे. असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला की घरच्यांची काही धडगत नसते. पहिल्या महिन्यात त्यांनी भिंतीवरच्या सगळ्या तसबिरी सरळ केल्या, कपाटातले डबे उंचीप्रमाणे लावले, आणि चहाचं आधण कुठपर्यंत ठेवावं हे बायकोला समजावून द्यायला गेले. बाईंनी त्यांच्या हातातून पातेलं काढून घेतलं आणि लेकीला फोन लावला.

“तुझ्या बाबांना काहीतरी उद्योग दे बाई. नाहीतर मी तरी घर सोडते.”

बाई म्हणजे त्यांची बायको. मुलींच्या शाळेत शिवण आणि भरतकाम शिकवण्यात तिची हयात गेली होती, त्यामुळे निम्मी वस्ती तिला बाईच म्हणायची. ह्या बाई काही गरीब गाय वगैरे नव्हत्या. उलटा टाका घातलेला रुमाल सगळ्या वर्गाला दाखवून मग मुलीच्या हातात देणाऱ्या बाई होत्या. दोघांचं पटायचं ते त्यामुळेच असावं. दोघांनाही दुसऱ्याची चूक चटकन दिसायची.

लेक दुसऱ्या शहरात राहायची. सुट्टीत आली तेव्हा तिने बाबांच्या कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर घालून दिलं. घरातला कुठलाही फोटो त्यात टाकायचा, की ते त्याचे बारीक बारीक चौकोन करतं. एक चौकोन म्हणजे मॅटीच्या कापडावरची एक फुली. प्रत्येक चौकोनात एक चिन्ह येतं, कुठे टिंब, कुठे त्रिकोण, कुठे तिरपी रेघ, आणि कुठल्या चिन्हाला कुठल्या रंगाचा दोरा ते शेवटच्या पानावर येतं. बाबांनी नमुना काढायचा, आईने भरायचा. “दोघं एका कामाला लागाल, म्हणजे भांडायला वेळ मिळणार नाही,” असं लेक म्हणाली.

भांडायला वेळ काढलाच त्यांनी. पण काम खरंच जमलं. लेकीचं कुत्रं झालं, जावयाची जुनी मोटरसायकल झाली. बाई आठवड्यातून एकदा वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरतकामाच्या बायकांत बसायला जात, तिथे मोटरसायकल बघायला रांग लागली. मिलिमीटर त्या दिवशी ‘सहज आलो’ म्हणून तिथे पोचले आणि फोटोतले रंग कमी कसे करायचे यावर बायकांना भाषण देऊन आले. कुणी विचारलं नव्हतं.

मग बाईंनी अक्काचा फोटो काढला.

अक्का म्हणजे बाईंची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनेच बाईंना न्हाऊमाखू घातलं, शाळेत घातलं, सुई हातात धरायला शिकवली. फोटोत ती खिडकीशी बसली होती, मांडीवर कापड होतं आणि कुणीतरी हाक मारल्यासारखी मान वर करून थेट बघत होती. डोळे इतके जागे, की खोलीत कुठेही उभं राहिलं तरी ती आपल्याचकडे बघतेय असं वाटावं. हीच अक्का शेवटची काही वर्षं सगळं विसरली. आधी चाव्या, मग रस्ते, मग माणसं. शेवटी शेवटी ती बाईंना नर्स समजायची आणि “माझी बहीण कधी येणार हो?” असं त्यांनाच विचारायची. बाई “येईल हं उद्या” म्हणायच्या आणि घरी येऊन न जेवता झोपायच्या.

अक्का गेली त्या आठवड्यात बाईंनी नवऱ्याला समोर बसवलं होतं.

“हे आमच्या घरात आहे. आईच्या आईलाही होतं म्हणे. मला तसं व्हायला लागलं तर मला कळणार नाही. तुम्हाला कळेल. माझ्यापासून लपवायचं नाही. सगळ्यात आधी तुम्ही सांगायचं.”

“सांगेन,” मिलिमीटर म्हणाले होते.

“शपथेवर?”

“अगं, सांगेन म्हटलं ना.”

तेव्हापासून तो विषय निघाला नाही. पण बाईंनी आपल्या शहाणपणाची किल्ली नवऱ्याच्या खिशात ठेवली होती आणि ती तिथे आहे हे दोघांनाही ठाऊक होतं.

अक्काच्या फोटोवर मिलिमीटरांनी जीव ओतला, हे त्यांच्या बाजूने म्हणायला हवं. फोटो झाडून पुसून स्कॅन केला. तपकिरी आणि करड्या छटा इतक्या जवळजवळच्या होत्या, की सॉफ्टवेअर गालावरची सावली आणि केस एकच धरत होतं. त्यांनी त्या हाताने वेगळ्या केल्या. घोटाळा झाला तो छापताना. चित्र मोठं असलं की नमुना बऱ्याच पानांवर येतो. पानं जोडताना चुकू नये म्हणून सॉफ्टवेअर प्रत्येक पानाच्या सुरुवातीला मागच्या पानाच्या शेवटच्या ओळी पुन्हा छापतं, आणि त्यांच्यावर करडा पट्टा ओढतं. म्हणजे भरणाऱ्याला कळावं, की ह्या ओळी नुसत्या खुणेच्या आहेत, भरायच्या नाहीत.

मिलिमीटरांना तो पट्टा बघवेना. सुंदर कागदावर चहा सांडल्यासारखा दिसतो, असं त्यांचं मत पडलं. कडेने ओळींचे आकडे होते, तेही त्यांना गर्दी करणारे वाटले. त्यांनी सॉफ्टवेअरमधली दोन्ही ठिकाणची बरोबरची खूण काढली आणि पानं छापली. पट्टा गेला, आकडे गेले. ओळी मात्र तिथेच राहिल्या. सगळ्या जन्मात एका कागदाला दुसरा कागद जोडताना आधीचा भाग पुन्हा काढून त्यावर खूण करण्याचं काम ज्याने केलं, त्या माणसाने हे तपासलं नाही. आपलं छापलेलं तपासायची सवय त्यांना नव्हतीच. ते दुसऱ्यांचं तपासायचे.

बाईंनी विचारलं होतं. वरचं पान संपवून त्यांनी खालचं पान घेतलं, चष्मा कपाळावर चढवला, परत डोळ्यांवर घेतला, आणि दोन्ही कागद हातात धरून मिलिमीटरांच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

“अहो, ह्या वरच्या ओळी मागच्या पानावरच्याच वाटतात. ह्या भरायच्या का?”

मिलिमीटर लेकीच्या शेजारणीच्या मांजराचे रंग कमी करण्यात गुंतले होते. त्यांनी मान वळवली नाही.

“कॉम्प्युटर चुकत नसतो. छापलंय ते भर.”

बाईंनी छापलंय ते भरलं. ती जागा नेमकी अक्काच्या डोळ्यांची होती. जवळून भरताना चेहरा दिसत नाही. दिसतो तो टिंबं आणि त्रिकोण. भरलेला भाग रिंगच्या बाहेर गुंडाळून ठेवायचा आणि पुरं होईपर्यंत लांबून बघायचं नाही, हा बाईंचा शाळेपासूनचा नियम होता. अख्खी थंडी बाई खिडकीशी बसून भरत होत्या. शेवटची फुली घातली तेव्हा लेक आणि जावई आले होते, म्हणून मुद्दाम सगळ्यांसमोर कापड धुऊन, इस्त्री करून त्यांनी ते खुर्चीच्या पाठीवर पसरलं आणि सगळी दाराशी जाऊन उभी राहिली.

चेहरा लांबुळका झाला होता, पण तेवढ्याने भागलं असतं. डोळ्यांचा खालचा अर्धा भाग दोनदा आला होता. त्यामुळे पापण्या ओघळल्यासारख्या दिसत होत्या आणि नजर कुठेच लागत नव्हती. बघणाऱ्याच्या आरपार भिंतीकडे जात होती.

“आई,” लेक हळूच म्हणाली, “मावशी शेवटी शेवटी अशी बघायची ना?”

बाई खुर्चीच्या हाताला धरून खाली बसल्या. अडचणीत सापडले की मिलिमीटर नेहमी जे करायचे तेच त्यांनी केलं. दुसऱ्याची रेघ तपासली.

“मोजण्यात गडबड झाली तुझी,” ते म्हणाले. “काही ओळी दोनदा भरल्यास.”

“पण मी विचारलं होतं तुम्हाला,” बाई म्हणाल्या. “पान बदलताना. ह्या ओळी त्याच वाटतात म्हणून.”

“कधी? मला नाही विचारलंस.”

“विचारलं होतं हो. तुम्ही म्हणालात, छापलंय ते भर.”

“मी कशाला असं म्हणेन? तुला वाटलं असेल विचारावं. विसरलीस विचारायला.”

ते खोटं होतं का? त्या क्षणी त्यांना खरंच आठवत नव्हतं. निदान त्यांनी आठवण्याचा प्रयत्न केला नाही, आणि जावयासमोर तर नाहीच. ‘विसरलीस’ हा शब्द त्यांच्या तोंडी इतका रुळलेला होता, की तो आपोआप बाहेर पडला. बाईंचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या, आणि मग अगदी शाळेतल्या मुलीसारख्या म्हणाल्या, “बरं.”

पुढचे दिवस घरात वाद झाला नाही. तेच वाईट होतं. मिलिमीटर म्हणतील त्याला बाई मान डोलवायला लागल्या. कपाटातल्या डब्यांवर चिकटपट्ट्या आल्या, ‘साखर’, ‘मीठ’, ‘चहा’, त्या वळणदार फळ्यावरच्या अक्षरात. घराच्या चाव्या त्यांनी नवऱ्याकडे दिल्या. “माझ्याकडे नकोत, कुठे ठेवीन आणि बसेन शोधत.” गॅस बंद केला की त्या त्यांना हाक मारून दाखवायच्या. वाचनालयाच्या खोलीत जाणं सुटलं. सुया, रिंग, दोऱ्यांच्या लड्या एका पिशवीत भरून ती पिशवी त्यांनी माळ्यावर टाकली. अक्काचं कापड घडी घालून कपाटाच्या तळाशी गेलं. जिने एका चुकलेल्या टाक्यासाठी मुलींना रडवलं, ती बाई भाजीत मीठ घालू का असं विचारायला बाहेरच्या खोलीत यायची.

लेक फोनवर बाबांना विचारायची, “आई बरी आहे ना? बाबा, तुम्ही लक्ष ठेवा हं तिच्याकडे.” आणि मिलिमीटर “आहे ना मी” म्हणायचे.

एका सकाळी बाई आंघोळीला गेल्या असताना मिलिमीटरांनी अक्काच्या नमुन्याची पानं काढली. कशासाठी काढली, तर बाईंची मोजणी नेमकी कुठल्या ओळीपासून बिघडली ते बघून ठेवावं, डॉक्टरला सांगायला बरं पडेल म्हणून. त्यांनी वरचं पान आणि खालचं पान खिडकीच्या काचेवर एकावर एक धरलं. उन्हात दोन्ही कागद पारदर्शक झाले आणि वरच्या पानाच्या शेवटच्या ओळींवर खालच्या पानाच्या पहिल्या ओळी टिंबावर टिंब, त्रिकोणावर त्रिकोण अशा बसल्या. एक मिलिमीटर इकडे नाही की तिकडे नाही.

हात काचेवर तसेच राहिले. आणि मग त्यांना आठवलं. मागे उभी असलेली बाई. तिच्या हातातले दोन कागद एकमेकांवर घासल्याचा आवाज. तिचा तो जुना निळा स्वेटर, कोपराशी रफू केलेला, जो वळून न बघताही त्यांना दिसला होता, कारण समोरच्या पडद्याच्या काळ्या कडेत त्याचं प्रतिबिंब पडलं होतं. आणि स्वतःचा आवाज, मांजराच्या रंगांवरून लक्ष न काढलेला. छापलंय ते भर.

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. न्हाणीघरात पाण्याचा आवाज चालू होता. तो थांबला तसे त्यांनी घाईघाईने कागद सारखे केले आणि खणात टाकले. बाई केस पुसत बाहेर आल्या तेव्हा ते पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता, पण वाचला जात नव्हता.

सांगायचं होतं त्यांना. दुपारी सांगू, चहाच्या वेळी सांगू, लेकीचा फोन झाला की सांगू, असं चालू होतं. चूक सांगणं एक वेळ जमलं असतं. माणूस चुकतो, मिलिमीटरही चुकतो. पण ‘तू विचारलं होतंस’ हे कसं सांगायचं? ज्या माणसाला तिने आपलं डोकं सांभाळायला दिलं, त्यानेच ते फोडलं, आणि वर तिच्याच हातात तुकडे देऊन म्हणाला, बघ तुझं काय झालंय ते. रात्री ते ताटावरून अर्धवट उठले. बाईंना वाटलं, माझ्या काळजीने.

शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. भेकड माणसं नेहमी मधला मार्ग काढतात. एके दिवशी चहा पिता पिता ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “मी विचार करत होतो. प्रिंटरचीही काहीतरी गडबड झाली असेल. तुझीच चूक असं काही म्हणता येणार नाही.”

बाईंनी कप खाली ठेवला आणि त्यांच्या हातावर हात ठेवला. असं त्या सहसा करत नसत.

“माझं मन राखू नका हो. मी सांगितलं होतं ना तुम्हाला, लपवायचं नाही म्हणून.”

“नाही, खरंच…”

“तुम्ही इतकं खरं बोललात त्या दिवशी, सगळ्यांसमोर. मला राग आला होता. पण तेच बरोबर होतं.” आणि संध्याकाळी बाईंनी लेकीला फोनवर सांगितलेलं मिलिमीटरांनी आतल्या खोलीतून ऐकलं. “तुझे बाबा बिचारे दोष प्रिंटरवर घालतायत गं. कधी कुणाला सोडलं नाही ह्या माणसाने, आणि आता माझ्यासाठी खोटं बोलायला लागलाय.” फोन ठेवून त्या रडल्या. मिलिमीटर आतल्या पलंगावर बसून राहिले. उठून बाहेर जायचं धैर्य त्यांना झालं नाही.

डॉक्टरकडे जायचं बाईंनीच ठरवलं. नावनोंदणी लेकीने फोनवरून केली. डॉक्टर तरुण होती, चेहऱ्याने हसरी, आणि बोलायला मोकळी. तिने बाईंना काही शब्द सांगितले आणि लक्षात ठेवायला लावले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, आकडे उलटे म्हणायला लावले. घड्याळ बाईंनी असं काढलं की नकाशाच्या खात्यात घेतलं असतं. मधेच मागचे शब्द विचारले तर ते सगळे आले, क्रमाने. पण प्रत्येक उत्तरानंतर बाई नवऱ्याकडे वळून बघत होत्या. बरोबर आहे ना, असं विचारल्यासारख्या. मिलिमीटर टेबलाच्या कडेकडे बघत होते.

“आजी, तुमचं तर छान चाललंय,” डॉक्टर म्हणाली. “मग काळजी कशाने वाटली?”

बाईंनी पर्स मांडीवर सरळ केली आणि सांगायला सुरुवात केली. अक्काचं सगळं सांगितलं. फोटोचं सांगितलं. “ओळी दोनदा भरल्या, ते समजू शकते मी. डोळे आहेत, वय आहे. पण डॉक्टर, मला अजून स्पष्ट आठवतंय की मी ह्यांना विचारलं होतं. ह्यांच्या खुर्चीमागे उभी राहिले होते. हे काय म्हणाले तेसुद्धा आठवतंय. आणि तसं काही झालंच नाही. जे घडलं नाही ते आठवायला लागणं म्हणजे… अक्काचंही असंच सुरू झालं होतं.” त्यांनी पर्स घट्ट धरली. “मला फक्त एवढं सांगा, किती वेळ आहे माझ्याकडे?”

डॉक्टरने लिहायचं थांबवून मिलिमीटरांकडे बघितलं. “आजोबा, तुमचं काय म्हणणं? तुम्हाला काय जाणवलं?”

खोलीत पंखा फिरत होता. भिंतीवर मेंदूचं चित्र होतं, वेगवेगळ्या रंगांचे भाग केलेलं, आणि ते किंचित तिरकं लागलं होतं. मिलिमीटरांचं लक्ष तिकडे गेलं, आणि आपलं लक्ष आत्ताही तिकडे गेलं याची त्यांना किळस आली.

“तिने विचारलं होतं,” ते म्हणाले.

“काय?” डॉक्टर म्हणाली.

“ती माझ्या खुर्चीमागे उभी राहिली होती. निळा स्वेटर होता. ती म्हणाली, ह्या ओळी त्याच वाटतात, आणि मी म्हणालो, छापलंय ते भर. ओळी मीच दोनदा छापल्या. मोजणी तिची बरोबर होती.” त्यांना वाटलं संपलं, पण संपलं नव्हतं. “मला हे पुष्कळ दिवस माहीत आहे.”

डॉक्टरच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिने आधी बाईंकडे बघितलं. बाई समोरच्या घड्याळाच्या चित्राकडे बघत होत्या, स्वतः काढलेल्या. मग त्यांनी पर्स उचलली, डॉक्टरचे आभार मानले, आणि उठल्या. मिलिमीटर मागोमाग निघाले. वाट्याला काहीतरी यावं, शिवी यावी, म्हणजे सुटलो, असं त्यांना वाटत होतं. काही आलं नाही.

बसथांब्यावर दोघं बाकावर बसले. मधे पर्स होती. बाई समोर रस्त्याकडे बघत बोलल्या.

“छत्री. नवी, लेकीने दिलेली. बसमध्ये मी विसरले म्हणालात.”

मिलिमीटरांना आधी कळलं नाही. मग कळलं.

“मी विसरलो होतो,” ते म्हणाले.

“लेकीच्या शाळेचा कार्यक्रम. ती गात होती आणि तुम्ही आला नाहीत. मी वेळच सांगितली नाही म्हणालात.”

“सांगितली होतीस.”

“मागचं दार. रात्रभर उघडं राहिलं होतं ते.”

“ते मला खरंच आठवत नाही.”

“मला आठवतं,” बाई म्हणाल्या. “मी लावलं होतं.”

एक बस आली. दोघांपैकी कुणी उठलं नाही, तशी ती गेली. बाईंनी पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

“अक्काचा निरोप,” त्या म्हणाल्या.

मिलिमीटरांनी डोळे मिटले.

“ती चार दिवस राहायला येते म्हणाली होती. तिचं दुखणं सुरू व्हायच्या आधी. फोन तुम्ही घेतला होता. ती कपडे भरून वाट बघत बसली, मी आणायला गेले नाही. मी तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणालात, मी तुला सांगितलं होतं, तू विसरलीस. मी तिच्या पाया पडून माफी मागितली होती त्याची. नंतर ती सगळं विसरली, तेवढं एक शेवटपर्यंत धरून होती. माझी बहीण न्यायला आली नाही म्हणायची.” त्या पहिल्यांदा त्यांच्याकडे वळल्या. “सांगितला होतात?”

वेळ मारून न्यायला एक वाक्य पुरलं असतं. आठवत नाही, फार जुनी गोष्ट आहे. ते वाक्य त्यांच्या जिभेवर आलंही होतं, तयार, घडी घातलेलं.

“नाही सांगितला,” मिलिमीटर म्हणाले. “माझ्या लक्षातून गेला होता.”

बाईंनी मान हलवली. पुढची बस आली तेव्हा त्या चढल्या आणि खिडकीशी बसल्या, आणि त्यांच्या शेजारी बसायची मिलिमीटरांची छाती झाली नाही. ते दांड्याला धरून उभे राहिले, जागा असून.

घरी आल्यावर बाईंनी आधी त्यांच्याकडून चाव्या मागून घेतल्या. मग म्हणाल्या, “लेकीला फोन करा. जावईही ऐकेल असं करा.” त्यांनी केला आणि झालं ते सांगितलं. समोर उभ्या राहून बाईंनी सगळं ऐकलं. लेक एवढंच म्हणाली, “आईला द्या फोन.” त्या दोघी काय बोलल्या ते त्यांना कळलं नाही. ते डब्यांवरच्या चिकटपट्ट्या काढत होते. अक्षरं सोलली जात होती, पण खालचा चिकटा डब्यावर तसाच राहत होता.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरची पिशवी खाली आली. कपाटाच्या तळातून अक्काचं कापडही निघालं. फुलीच्या भरतकामात मधल्या ओळी नुसत्या काढून टाकता येत नाहीत; खालचं सगळं त्यांच्यावर मोजलेलं असतं. दुसऱ्यांदा आलेल्या डोळ्यांपासून खाली नाक, गाल, ओठ, हनुवटी, गळा, मांडीवरचं कापड, सगळं उसवायला हवं होतं. बाईंनी रिंग ताणून बसवली, छोटी कात्री आणि चिमटा तिच्यावर ठेवला, आणि ते सगळं मिलिमीटरांच्या मांडीवर दिलं.

“मला येत नाही उसवता,” ते म्हणाले. “कापड फाटेल माझ्या हातून.”

“मागच्या बाजूने कापायचं. एकेक टाका. घाई करायची नाही, म्हणजे फाटत नाही.”

“तू कर ना. तुझा हात…”

“अक्काचा चेहरा पुसला जाताना मी एकदा पाहिलाय,” बाई म्हणाल्या. “रोज जाऊन पाहिलाय. आता तुम्ही बघा.”

ते खिडकीशी बसले. खालून सुरुवात केली. मांडीवरचं कापड गेलं, बोटं गेली. दोऱ्याचे तपकिरी तुकडे त्यांच्या पँटवर पडत होते. किती दिवस ते चाललं ते त्यांनी मोजलं नाही. हनुवटी गेली. ओठांचा कोपरा, जो फोटोत जरासा वर गेलेला होता आणि जो त्यांनी रंग वेगळे करताना स्वतः जपला होता, तो त्यांना टाक्याटाक्याने कापावा लागला. कापड जिथे मोकळं होत होतं तिथे भोकं मोठी झालेली दिसत होती, सुईने केलेली.

बाई समोरच्या खुर्चीत होत्या. निळ्या स्वेटरच्या बाह्या वर सारलेल्या. त्यांच्या हातात नव्याने छापलेली पानं होती, कडेला आकडे, वरती करडा पट्टा. त्या बराच वेळ पानं एकमेकांशी ताडून बघत होत्या.

“अहो.”

मिलिमीटरांनी कात्री खाली ठेवली आणि पूर्ण वळून त्यांच्याकडे बघितलं.

“ह्या पट्ट्यातल्या ओळी भरायच्या नाहीत ना?”

“नाही. त्या मागच्या पानावर आल्यात. नुसत्या खुणेच्या आहेत.”

बाईंनी पेन्सिलने त्या ओळींवर एक तिरपी रेघ मारली. मग चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, “मी विचारलंय हं. लक्षात ठेवा.”

“ठेवतो,” मिलिमीटर म्हणाले, आणि खाली मान घालून पुढचा टाका कापायला घेतला.